खुर्ची स्वतःची आणावी

रेवदंडा
मंगळवार, ३ फेब्रुवारी २०२६

प्रति,
सुचिता घरत,
मनुष्यबळ विभाग, नीलसिंधू जेटी सर्व्हिसेस

विषय: मी कोण आहे, हे कळवण्याबाबत

घडलेले क्रमाने असे:

१. चार वर्षांपूर्वी मी खाडीच्या पाण्याची खोली मोजण्याच्या कामावर रुजू झाले. 'रुजू' हा शब्द कंपनीच्या पत्रातला आहे.

२. त्याच पत्रात मला 'सल्लागार' म्हटले आहे. त्यानंतर मला ओळखपत्र, टोपी, बूट, कंपनीचा ईमेल आणि दर दिवाळीला सोनपापडी मिळत गेली.

३. नोव्हेंबरात कामगार कायदे बदलले.

४. डिसेंबरात मुंबईहून वकील आले. त्यांनी जेटीवर माझी टोपी पाहिली.

५. दुसऱ्या दिवशी टोपी, ओळखपत्र आणि बूट परत मागितले. बूट पायात होते. तिथेच काढून दिले.

६. जानेवारीत परिपत्रक निघाले. स्वतंत्र व्यावसायिकांनी खुर्ची स्वतःची आणावी. टेबलाचे भाडे द्यावे. पंखा कंपनीचा असल्याने त्याच्या थेट खाली बसू नये.

७. ईमेल बंद झाला. कंपनीच्या ईमेलवरून कंपनीशी बोलणारी व्यक्ती नोकर ठरू शकते, म्हणून यापुढे पत्रव्यवहार टपालाने करावा, असे कळवण्यात आले.

८. काल जिन्यात तू भेटलीस आणि न बोलता गेलीस.

हे पत्र रेवदंड्याहून अलिबागला जाईल, तिथे त्यावर शिक्का बसेल, ते परत रेवदंड्याला येईल आणि माझ्या खुर्चीवरून मला दिसणाऱ्या तुझ्या टेबलावर पोचेल.

प्रश्न एकच आहे. मी स्वतंत्र व्यावसायिक असेन, तर या वर्षाचा उरलेला आयकर मला स्वतः, आगाऊ, १५ मार्चपर्यंत भरायचा आहे. मी नोकर असेन, तर तो पगारातून कापून भरणे हे कंपनीचे काम आहे. कोणीच भरला नाही, तर व्याज माझ्या नावावर लागेल. आयकर खात्याला माझी खुर्ची कोणाची आहे यात रस नाही. त्यांना तारीख कळते.

तेव्हा मी कोण आहे, हे कळवावे.

निदा पेवेकर

*

सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

माननीय निदा पेवेकर यांस,

आपले दिनांक ३ चे पत्र मिळाले. आपण कोण आहात, ही बाब विचाराधीन आहे. सोबत विधी सल्लागारांनी तयार केलेली प्रश्नावली जोडली आहे. ती प्रामाणिकपणे भरून टपालाने पाठवावी.

कंपनीस आपल्याविषयी आदर आहे. हा आदर नोकरीचा पुरावा समजू नये.

सुचिता घरत
मनुष्यबळ विभाग

आता खालचं माझं. अगं निदा, जिन्यात बोलले नाही कारण तिथं कॅमेरा आहे. धनेश सरांनी सांगून ठेवलंय, स्वतंत्र लोकांशी जेवणाबद्दल, घरच्यांबद्दल, तब्येतीबद्दल बोलायचं नाही. वकील म्हणतात, कोर्टात अशीच आपुलकी अंगाशी येते. मी म्हटलं, सर, आम्ही तंत्रनिकेतनात तीन वर्षं एका बाकावर बसलोय. ते म्हणाले, बाक कोणाचा होता?

तुला सांगते, ते वाईट माणूस नाहीत. घाबरलेत. मॅनेजर म्हणून वरून रोज त्यांनाच फोन येतो, आपल्याकडे किती माणसं आहेत म्हणून. ते सांगतात शून्य, आणि मग खिडकीतून आपल्याकडे बघत बसतात.

आईनं तांदळाच्या फेण्या केल्यात. तुला द्यायच्या होत्या. कशा द्यायच्या ते कळत नाही.

सुचिता

*

रेवदंडा
शनिवार, १४ फेब्रुवारी २०२६

प्रिय सुचिता,

प्रश्नावली भरली आहे. काही उत्तरांवर शंका येऊ नये म्हणून इथे पुन्हा लिहिते.

कामाची साधने कोणाची, असा प्रश्न होता. खोली मोजण्याचे यंत्र कंपनीचे, होडी सदू तांडेलची, हिशेब माझा. कामाच्या वेळा कोण ठरवते, असा प्रश्न होता. समुद्र ठरवतो. भरती रोज पाऊण तासाने पुढे जाते, मी तिच्यामागे जाते. कंपनीने मला दहा वाजता बोलावले आणि पाणी तीन वाजता आले, तर दहाला मोजायला चिखल असतो. कामावरून तुम्हाला परत कोण पाठवू शकते, असाही प्रश्न होता. मी 'ओहोटी' लिहिले आहे. विनोद केलेला नाही.

आता सदूबद्दल. त्याची होडी स्वतःची आहे. तो कंपनीचे काम करतो, बाकीच्या दिवशी मासे आणतो, आणि मे महिन्यात पर्यटकांना किल्ला दाखवतो. या साऱ्या किनाऱ्यावर त्याच्याइतका स्वतंत्र माणूस नाही. कंपनीने त्याला या आठवड्यात टोपी, जाकीट आणि नावाची पट्टी दिली. मी कारण विचारले. सदूला कोणी नोकर म्हणणारच नाही, म्हणून त्याला दिलेले चालते, असे स्टोअरवाला म्हणाला. ती टोपी माझी होती. आत माझे नाव आहे. सदू म्हणाला, "ताई, पायजे तर घे परत. माझ्या डोक्याला घट्ट हाय."

माझ्यासाठी हा प्रश्न तात्त्विक नाही. मी आठवड्यातून चार दिवस त्या होडीत बसते. होडी उलटली, तर मी कोणाची माणूस होते, हे नंतर कोणीतरी ठरवण्यापेक्षा आधी लिहिलेले बरे. चार वर्षांची सेवा धरली, तर विमा, भविष्यनिर्वाह निधी, सगळे लागू होते. नाही धरली, तर मी खाडीत आपल्या खुशीने फिरणारी एक बाई ठरते.

अब्बा कुवेतला होते तेव्हा त्यांच्या कागदावर पहिल्याच ओळीत ते कोण आहेत हे लिहिलेले असे. काम कष्टाचे होते, पण त्या ओळीबद्दल वाद नव्हता. अम्मी परवा श्रीवर्धनहून फोनवर विचारत होती, तुझी नोकरी आहे की धंदा आहे, नातेवाईक विचारतात. मी म्हटले, विचाराधीन आहे.

फेण्या सदूकडे द्याव्यात. त्याच्याशी आपुलकी चालते.

निदा

*

शनिवार, २१ फेब्रुवारी २०२६

माननीय निदा पेवेकर यांस,

आपली प्रश्नावली विधी सल्लागारांनी वाचली. आपल्या कामाच्या वेळा समुद्र ठरवतो, या उत्तराबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले असून समुद्र कंपनीच्या मालकीचा नाही, याची नोंद घेतली आहे. त्यानुसार कळवण्यात येते की:

आपण पहिल्या दिवसापासून स्वतंत्र व्यावसायिक आहात. आपल्या कामाच्या वेळा आपण ठरवाव्यात. आपल्या व्यावसायिक निर्णयात कंपनीचा कोणताही अधिकारी हस्तक्षेप करणार नाही, तसेच आपणास कोणताही आदेश देणार नाही.

आपण १५ मार्चपर्यंत आपला आगाऊ कर स्वतः भरून पावतीची प्रत या विभागास टपालाने पाठवावी. ती पावती, आपण कधीही कंपनीच्या नोकर नव्हतात याची आपण स्वखुशीने दिलेली कबुली समजण्यात येईल.

१९ फेब्रुवारीपासून स्वतंत्र व्यावसायिकांना कँटीन बंद आहे.

सुचिता घरत
मनुष्यबळ विभाग

निदा, भरून टाक ना गं. बाकीच्या चौघांनी भरायचं कबूल केलं. क्रेनवाला निकेत तर म्हणाला, पावतीवर आपलं नाव छापून येतं, फ्रेम करून लावतो. धनेश सर म्हणतात, कर भरण्यात देशाचा मान आहे, त्याला कबुली म्हणायचं की अभिमान म्हणायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. पण तू नाही म्हटलंस तर एप्रिलमध्ये तुझं कंत्राट पुढे जाणार नाही. हे मी लिहायचं नव्हतं.

सुचिता

*

रेवदंडा
गुरुवार, २६ फेब्रुवारी २०२६

प्रिय सुचिता,

पत्र मिळाले. कँटीन बंद झाल्याचे मला उशिरा कळले, कारण त्याच दिवशी रोजे सुरू झाले.

तुझ्या पत्राचा मी लावलेला अर्थ असा. मी कर भरला, तर चार वर्षे माझ्या हाताने पुसली जातात. नाही भरला, तर मला व्याज लागते आणि कंत्राट जाते. म्हणजे कायदा पाळला तर कबुली आणि मोडला तर दंड. हे ज्याने लिहिले त्याची मी कदर करते. पूल बांधताना असा विचार केला असता, तर तो दोन्ही टोकांनी पडला असता.

मी कर बुडवणार नाही. पण तो कोणी भरायचा, याचे उत्तर मला कायद्याकडून हवे आहे, कंत्राट जाईल या भीतीकडून नको. तू 'नाही म्हटलंस तर' असे लिहिले आहेस. मी अजून काहीच म्हटलेले नाही. मी विचारले आहे.

बाकी, मला आदेश देता येणार नाही आणि माझ्या निर्णयात कोणी हस्तक्षेप करणार नाही, ही दोन वाक्ये मला आवडली. ती मी जपून ठेवली आहेत.

त्या स्वातंत्र्याचा पहिला उपयोग करून कळवते: ३ मार्चला पौर्णिमा आहे. ३ ते ५ मार्च खाडीत उधाणाचे पाणी असेल. कोळशाने भरलेली बार्ज आत आणायची असेल, तर त्याच तीन दिवसांत आणावी. त्यानंतर पाणी उतरत जाईल. धनेश सरांना हे तोंडी सांगायला गेले होते. त्यांनी दार लोटून घेतले आणि टपालाने पाठवा, असे आतून सांगितले. म्हणून टपालाने.

निदा

*

गुरुवार, ५ मार्च २०२६
(सदू तांडेल यांच्या हस्ते)

माननीय निदा पेवेकर यांस,

आपले दिनांक २६ चे पत्र आज मिळाले. त्यात कळवलेले उधाण आज संपत असल्याचे निदर्शनास आले आहे. शिमग्यानिमित्त बार्ज ओढणाऱ्या टगवरील सर्व खलाशी सोमवारपासून आपापल्या गावी पालखीला गेले असल्याने बार्ज तशीही आणता आली नसती. बार्ज खाडीच्या तोंडाशी नांगरलेली आहे आणि तिचे भाडे चालू आहे.

खलाशी सोमवारी परततील. तरी मंगळवार, १० मार्च रोजी सकाळी आपण जेटीवर उपस्थित राहून खोली पुरेशी असल्याच्या दाखल्यावर सही करावी, अशी विनंती आहे. 'विनंती' हा शब्द विधी सल्लागारांनी तपासलेला आहे.

सुचिता घरत
मनुष्यबळ विभाग

सर दोन दिवस जेवले नाहीत. बार्जचं भाडं रोज वर कळवावं लागतं. माझ्याकडे बघून म्हणाले, तुझी मैत्रीण आहे ना, सांग तिला. मी म्हटलं, सर, मैत्रीण नाही, स्वतंत्र व्यावसायिक आहे. त्यांनी भाड्याची वही पुढे ओढली.

एक विचारायचं होतं. तुझी ती खुर्ची कुठून घेतलीस? केवढ्याला?

सुचिता

*

रेवदंडा
शनिवार, ७ मार्च २०२६

प्रिय सुचिता,

दाखल्यावर सही करणार नाही. कारण पुढीलप्रमाणे आहे.

मंगळवारी सप्तमी, बुधवारी अष्टमी. त्या दिवसांत भांगाची, म्हणजे कमी पाण्याची, भरती असते. ती येते, पण मनापासून येत नाही. भरलेल्या बार्जला जितके पाणी लागते, त्याच्यापेक्षा खाडीच्या वळणावर हातभर कमी असेल. बार्ज वाळूवर बसली, तर ओहोटीला ती एका अंगावर कलंडेल, आणि तिच्यावरचे खलाशी तेच असतील, जे पालखी नाचवून आदल्या दिवशी परतलेले असतील. पुढचे उधाण १९ मार्चला, पाडव्याच्या आसपास येईल. १९ आणि २० ला मी हजर राहीन. २१ ला बहुधा ईद असेल. तो दिवस चंद्र ठरवतो, आणि माझ्या कामात ते नवीन नाही.

विनंती वाचली. कंपनीच्या २१ फेब्रुवारीच्या पत्रानुसार माझ्या वेळा मी ठरवते. १० तारखेला मी कामावर नाही.

खुर्चीचा प्रश्न विनोद म्हणून घेतला आहे. तुझ्याकडून अपेक्षित नव्हता.

निदा

*

नीलसिंधू जेटी सर्व्हिसेस
मंगळवार, १० मार्च २०२६

कारणे दाखवा नोटीस

कर्मचाऱ्याचे नाव: निदा पेवेकर
कर्मचारी क्रमांक: ४७
हुद्दा: सर्वेक्षण अभियंता

आपणास वरिष्ठांनी आदेश देऊनही आपण आज दिनांक १० मार्च रोजी कामावर विनापरवानगी गैरहजर राहिलात. आपले हे वर्तन कंपनीच्या शिस्तीस धरून नाही. आपल्याविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करू नये आणि आजचा पगार का कापू नये, याचा लेखी खुलासा करावा.

सही: धनेश, व्यवस्थापक
मसुदा: सु. घरत

(पेन्सिलीने) नमुना जुनाच वापरला आहे. सरांनी घाईत सही केली. वाचून घे.

*

रेवदंडा
बुधवार, ११ मार्च २०२६

प्रति,
सुचिता घरत,
मनुष्यबळ विभाग, नीलसिंधू जेटी सर्व्हिसेस

विषय: दिनांक १० मार्चची नोटीस

नोटीस मिळाली. वाचली. दोनदा वाचली.

कालचा प्रकार मला सदूकडून कळला. टगच्या कप्तानाने खोलीचा दाखला मागितला. धनेश सर म्हणाले, मी सही करतो, व्यवस्थापक मी आहे. कप्तान खाडीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "साहेब, सहीवर बार्ज तरंगत न्हाय." मग तो चहा प्यायला गेला. बार्ज आहे तिथेच आहे. ती उभी आहे, सरळ आहे आणि तिच्यावर सगळे खलाशी आहेत, हे नोटिशीत लिहायचे राहिले असावे.

आता नोटिशीबद्दल. कारणे दाखवा नोटीस नोकराला देतात. भाड्याने टेबल घेतलेल्या शेजाऱ्याला देत नाहीत. स्वतंत्र व्यावसायिकेचा पगार कापता येत नाही, कारण तिला पगार नसतो. तिला वरिष्ठ नसतात. ती गैरहजर राहू शकत नाही, कारण तिने हजर असावे असे कोणी म्हटलेलेच नसते. आणि तिला कर्मचारी क्रमांक नसतो. माझा क्रमांक सत्तेचाळीस आहे, हे मला चार वर्षांनी कळले. आनंद झाला, असे लिहीत नाही. नोंद घेतली.

ही नोटीस खरी असेल, तर मी नोकर आहे, पहिल्या दिवसापासून. मग माझा कर या महिन्याच्या पगारातून कंपनीने कापून भरावा, चार वर्षांची सेवा धरावी, विमा लागू करावा, आणि मी नोकराने करावा तसा नम्र खुलासा करीन की भांगाच्या पाण्यात भरलेली बार्ज येत नाही. एका दिवसाचा पगार कापला तरी तक्रार करणार नाही. पगार कापायला आधी पगार असावा लागतो.

नोटीस चुकीने गेली असेल, तर ती लेखी मागे घ्यावी. मग मी स्वतंत्र आहे. १५ तारखेला रविवार असला तरी मी कर भरीन, आणि बार्ज आत कधी येईल हे १९ मार्चपर्यंत या खाडीत फक्त मी ठरवीन. टेबलाचे भाडे वेळेवर मिळेल. सहीची फी वेगळी कळवीन. वकिलांनी मला जितके स्वतंत्र केले आहे, तितकी मी होईन.

मला यातले काहीही चालेल. दोन्ही एकाच वेळी चालणार नाही. समुद्रावर माझा हुकूम चालेल तेव्हा कंपनीचा माझ्यावर चालणार नाही, आणि कंपनीचा चालेल तेव्हा होडीत मी कंपनीची असेन. इतके दिवस मी पाण्यात कंपनीची आणि जमिनीवर कोणाचीच नव्हते.

मला काय हवे, हे कोणी विचारलेले नाही. अब्बांच्या कागदावर होती तशी पहिली ओळ हवी आहे.

आता तुझ्यासाठी. सोमवारी दुपारी गेटवर तू रिक्षातून प्लास्टिकची निळी खुर्ची उतरवलीस. वॉचमनने तुला विचारले, आणि एक एप्रिलपासून मनुष्यबळ विभागही स्वतंत्र होतोय, असे तू त्याला सांगितलेस. तू हळू बोललीस. माझ्या टेबलाजवळची खिडकी उघडी होती. ५ तारखेच्या तुझ्या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा लागला. त्याला मी विनोद म्हटले, ते मागे घेते.

ती निळी खुर्ची परत करता आली तर कर. तिला हात नाहीत, दुपारपर्यंत पाठ जाते. माझी चौल नाक्यावरून घेतलेली आहे. दुकानदार ओळखीचा आहे, माझे नाव सांग. फेण्या चांगल्या होत्या. इफ्तारला तळल्या, सदूनेही खाल्ल्या.

नमुना जुना का वापरलास, हे मी विचारत नाही. तूही सांगू नकोस. चारही स्वतंत्र व्यावसायिकांना मी कालची नोटीस दाखवली आहे. निकेतने पावतीची फ्रेम सध्या थांबवली आहे. धनेश सरांनी तुला जाब विचारला, तर नवा नमुना विधी सल्लागारांकडून अजून टपालाने आलेला नाही, असे सांगावे. ते खरे आहे.

टपालाला आता वेळ नाही. हे पत्र सदूच्या हाती पाठवत आहे. उत्तरही त्याच्याच हाती द्यावे. नोटीस कायम आहे की मागे घेतली, एवढेच एका ओळीत, व्यवस्थापकांच्या सहीने, शुक्रवार, १३ मार्चपर्यंत कळवावे.

निदा पेवेकर